घर मदत टेबल, कल्याण पूर्व : कामाच्या नोंदी (जून ते ऑक्टोबर २०२५)

१५ जून, रविवार

सरकारी योजनांतून घर मिळवायला लोकांना मदत करणारं आमचं टेबल सुरू झालं एकदाचं. जागा वाचनालयाची, वेळ रविवारी सकाळी १० ते १, माणसं आम्ही तिघं म्हणजे मी, कॉलेजला जाणारी एक पोरगी (लॅपटॉप तिचा) आणि बँकेतून रिटायर झालेले काका. कॅरमचा बोर्ड बाजूला सरकवून बसलो त्यामुळे कॅरमवाली पोरं आत्तापासूनच नाराज आहेत.

पहिल्याच दिवशी कळलं की लोक "म्हाडाचा फॉर्म" या दोन शब्दांत सगळंच टाकतात. एकाला गावाकडचं घरकुल हवंय, एकाला बँकेच्या लोनवरची सबसिडी हवीय, एका ताईंच्या चाळीच्या रीडेव्हलपमेंटचा घोळ आहे, आणि खरंच सोडतीत अर्ज करणारे त्यातले निम्मे. म्हणून ठरवलं की फॉर्मला हातच लावायचा नाही आधी, पहिले चार प्रश्न विचारायचे: राहता कुठे, दोघांचं मिळून कमावता किती, कुणाच्या नावावर कुठे पक्कं घर आहे का, आणि सरकारी योजनेतून आधी घर मिळालंय का. एवढ्यावर माणूस कुठल्या योजनेत बसतो त्याचा बराचसा उलगडा होतो.

मुरबाडकडच्या एका भावाला लगेच वाटेला लावलं. त्याला हवंय ते ग्रामीण घरकुल, त्याचा आमच्या लॅपटॉपशी काही संबंध नाही, ते ग्रामपंचायत आणि पंचायत समितीचं काम. मूळ रक्कम १ लाख २० हजार, शौचालयाचे १२ हजार वेगळे, रोजगार हमीची मजुरी वेगळी, आणि आता राज्याने वर ५० हजार द्यायचं ठरवलंय. घरकुल मंजूर पण जागाच नाही अशी त्याच्या चुलत भावाची केस, तर जागा घ्यायला दीनदयाळ उपाध्याय योजनेत १ लाखापर्यंत मिळतात हे त्याला माहीतच नव्हतं. कागदावर लिहून दिलं आणि ग्रामसेवकाला हेच नाव सांग म्हटलं, नुसतं "जागेचे पैसे" असं म्हणू नको.

२२ जून, रविवार

आजचा दिवस उत्पन्नावर गेला. मुंबई महानगर प्रदेशात म्हाडाचे गट असे: कुटुंबाचं वर्षाचं ६ लाखांपर्यंत तर अत्यल्प, ९ पर्यंत अल्प, १२ पर्यंत मध्यम, त्यावर उच्च. कुटुंब म्हणजे नवरा-बायको दोघांचं मिळून, सासऱ्यांची पेन्शन त्यात धरायची नाही. हे आकडे २०२२ मध्ये वाढले पण आमच्या गल्लीत अजून ३ लाखच लोकांच्या डोक्यात बसलेत.

एक रिक्षावाले दादा आणि वहिनी आलेले. दादा दिवसाचे पेट्रोल-गॅस वजा जाता ७००-८०० सोडवतात, वहिनी पोळीभाजी केंद्रावर सकाळी पोळ्या लाटते, तिचे महिना ९ हजार. मिळून वर्षाला साधारण साडेतीन लाख. आणि दाखला काढायचाय कितीचा? "ताई, एक लाख ऐंशी हजाराचा काढतो, एवढा पुरे." मी म्हटलं का हो, तर वहिनी हळूच म्हणाली, लाडकी बहीणचे पैसे बंद होतील ना.

आता यात चूक कुणाची म्हणायची. लाडकी बहीणला अट अडीच लाखांची, केशरी रेशन कार्डाला अट एक लाखाची, त्यामुळे वर्षानुवर्षं लोकांना सवय लागलीय की सरकारी कागदावर उत्पन्न जेवढं कमी तेवढं बरं. पण घराच्या बाबतीत हे उलटं फिरतं. साडेतीन लाख दाखवले तरी ते अत्यल्प गटातच आहेत, सोडतीत कमी दाखवून काडीचा फायदा नाही! आणि घर लागल्यावर बँक काय बघणार, तर हाच कागद. काकांनी पाठकोऱ्या कागदावर हिशोब करून दाखवला. १ लाख ८० हजार म्हणजे महिना १५ हजार, बँक फार तर निम्म्याचा हप्ता धरणार म्हणजे साडेसात हजार, ९ टक्क्याने २० वर्षांना लाखामागे ९०० रुपये हप्ता बसतो, म्हणजे लोन आठ लाखांच्या आसपास. घर समजा २० लाखांचं, पंतप्रधान आवासमधलं असेल तर केंद्राचे दीड आणि राज्याचा एक असे अडीच लाख वजा, राहिले साडेसतरा. वरचे साडेनऊ लाख कुठून आणणार?

दादा बराच वेळ त्या कागदाकडे बघत बसले, मग म्हणाले की हे आम्हाला कुणी आधी का नाही सांगितलं. वहिनी काही बोलली नाही. १८ हजार रुपये वर्षाचे तिच्या स्वतःच्या खात्यात येतात, ते सोड असं सांगायला माझी जीभ रेटेना. फक्त एवढं सांगितलं की खोटा दाखला आम्ही भरून देणार नाही, बाकी तुम्ही दोघं ठरवा.

२९ जून, रविवार

अधिवास दाखल्याची रांग. म्हाडाच्या २०२३ पासूनच्या नव्या पद्धतीत कागदांची तपासणी सोडतीच्या आधी होते, पूर्वीसारखं घर लागल्यावर धावाधाव नाही. आधार, पॅन, बारकोडवाला अधिवास दाखला गेल्या पाच वर्षांतला, आणि आयकर रिटर्न किंवा तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, आरक्षणातून भरायचं तर जातीचं प्रमाणपत्र. पद्धत चांगलीच आहे माझ्या मते, फक्त लोकांना ती कळली पाहिजे, कारण जाहिरात आल्यावर कागद काढायला निघालात की तोपर्यंत मुदत गेलेली असते.

अधिवासाला १५ वर्षं महाराष्ट्रात राहिल्याचा पुरावा लागतो आणि भाड्याने राहणाऱ्याकडे नेमका तोच नसतो. ११ महिन्यांचे करार, दर दोन-तीन वर्षांनी खोली बदललेली, लाईट बिल घरमालकाच्या नावाने. आम्ही लोकांना सांगतो की आठवा: पोरांचे शाळेचे दाखले, जुनं रेशन कार्ड, गॅसचं पुस्तक, बँकेचं जुनं पासबुक, लसीकरणाचं कार्डसुद्धा आणा, बघू. औसा तालुक्यातून आलेला एक सिक्युरिटी गार्ड आहे, बारा तासांची ड्युटी करून तसाच युनिफॉर्मवर येतो, त्याचा स्वतःचा शाळा सोडल्याचा दाखला गावच्या झेडपी शाळेत पडलाय. भावाला फोन लावून दिला तिथल्या तिथे.

पॅनवर माहेरचं आडनाव आणि आधारवर सासरचं, हे तर प्रत्येक दुसऱ्या बाईचं. आणि आधारला लिंक असलेला मोबाइल नंबर तीन फोनपूर्वीचा. ओटीपी जातो कुठे देव जाणे.

६ जुलै

आषाढी. टेबल बंद.

१३ जुलै, रविवार

आज एक आजी आल्या, मूळच्या मालवणकडच्या, नातवाचा हात धरून. पिशवीतून प्लास्टिकची पिशवी, तिच्यातून दुसरी पिशवी, तिच्यातून रुमाल, आणि रुमालात लाल पास. गिरणीचा. नवऱ्याचा फोटो पिवळा पडलेला, तिकीट नंबर अजून स्पष्ट वाचता येतो. "ह्येच्यार घर गावतला काय गो चेडवा?"

गिरणी कामगारांचं प्रकरण वेगळंच आहे आणि ते घाईत समजावता येत नाही. १ जानेवारी १९८२ ला किंवा त्यानंतर ५८ गिरण्यांपैकी एखादीच्या हजेरीपटावर असलेले कामगार किंवा त्यांचे वारस, असे पावणेदोन लाखांच्या आसपास अर्ज मागेच जमा झालेत. म्हणजे आता नवा फॉर्म भरून रांगेत उभं राहता येत नाही, पूर्वी अर्ज केलेला असेल तर त्याचा नंबर शोधायचा आणि पात्रता निश्चितीत कागद दाखवायचे: लाल पास, तिकीट नंबर, पीएफचा नंबर, ईएसआयसीचा नंबर, सर्व्हिस सर्टिफिकेट, जे असेल ते. आजींना अर्जाचं काही आठवत नाही, "झिलान भरलो व्हतो" एवढंच, आणि मुलगा चार वर्षांपूर्वी वारला. नातवाला सांगितलं की बाबांच्या कपाटातली प्रत्येक पावती घेऊन ये, टाकू काही नको. ९ तारखेला आझाद मैदानात गिरणी कामगार जमले होते त्याची बातमी त्याने वाचलीय, शेलू-वांगणीची घरं नको, मुंबईतच द्या म्हणून. आजींना मी विचारलं वांगणीला जाल का, तर म्हणाल्या परळ सोडून कल्याणला इलंय, आता आणखी खंय जाऊ.

पासाचा दोन्ही बाजूंनी फोटो काढून नातवाच्या मोबाइलमध्ये, मुलीच्या मोबाइलमध्ये आणि आमच्याकडे ठेवला. तो पास लॅमिनेट करू नका हेही सांगितलं, मूळ कागद तपासायला मागितला तर पंचाईत.

२० जुलै, रविवार

म्हाडाच्या कोकण मंडळाची सोडतीची जाहिरात आली १४ तारखेला. ५,२८५ घरं आणि ७७ भूखंड. आज वाचनालयात बसायला जागा नव्हती.

लोक सगळे एकदम "कुठलं घर स्वस्त" यावर. पण त्या ५,२८५ मध्ये प्रकार आहेत आणि प्रकाराप्रमाणे अटी बदलतात हे पुन्हा पुन्हा सांगावं लागलं. ५६५ घरं २० टक्के योजनेतली, म्हणजे मोठ्या शहरात ४ हजार चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या भूखंडावर खासगी बिल्डर बांधतो तेव्हा त्याने अत्यल्प-अल्प गटासाठी ठेवायची घरं, ती सोडतीतून दिली जातात. ३,००२ घरं १५ टक्के एकात्मिक शहर योजनेतली. १,६७७ मंडळाची स्वतःची आणि विखुरलेली, शिवाय ४१ अजून एका योजनेतली. २० टक्केवाल्यांवर उड्या पडतात कारण ती भर वस्तीत असतात, तिथे एकेका घरामागे अर्ज प्रचंड, तेव्हा तिथे भरायचं तर भरा पण सगळे पैसे तिथेच अडकवू नका.

हो, पैसे अडकतात. अर्जाची फी ५९० जीएसटी धरून, ती परत येत नाही. अनामत येते परत, पण तोपर्यंत अडकून राहते. मुंबई मंडळाच्या २०२४ च्या सोडतीत अत्यल्पला २५ हजार आणि अल्पला ५० हजार होती, त्यावरून अंदाज घ्या. आणि अर्ज जितके तितक्या अनामती. एका बाईने भिशी उचलून आणि वर गंठण गहाण ठेवून चार ठिकाणी भरायचं ठरवलेलं. काकांनी तिला गहाणाचं व्याज धरून हिशोब सांगितला, तिने दोन अर्ज कमी केले. गंठण वाचलं.

पक्क्या घराच्या अटीवरून आज जोरदार वाद झाला. म्हाडाच्या साध्या घराला बघतात ते त्या शहराच्या हद्दीत तुमच्या, जोडीदाराच्या किंवा अज्ञान मुलांच्या नावे घर आहे का. पंतप्रधान आवासला मात्र भारतात कुठेही पक्कं घर नको. तर साताऱ्याच्या एका दादांचं म्हणणं की गावचं घर वडिलांच्या नावावर आहे, मग? वडिलांच्या नावावर आहे तोवर तुमचं नाही, पण वाटणी होऊन तुमच्या नावावर चढलं असेल तर पंतप्रधान आवासमध्ये नाही चालणार. ते म्हणे वाटणी झालीय पण तोंडी. अशा वेळी काय बोलणार, गावाकडून ८ अ (जमिनीच्या खात्याचा उतारा) आणि घरपट्टीचा उतारा मागवून कुणाचं नाव लागलंय ते बघा म्हटलं.

२७ जुलै, रविवार

एक मनुष्य वाचनालयाच्या दाराशी उभा राहून लोकांना कार्डं वाटत होता. "कोट्यातून करून देतो, एक लाख ॲडव्हान्स." कॉलेजवाली पोरगी अशी काही तडतडली त्याच्यावर की कॅरमवाली पोरंसुद्धा उठून उभी राहिली. गेला. सोडत संगणकावर निघते, म्हाडाने कुठलाही एजंट नेमलेला नाही, आणि पैसे भरायचे ते फक्त अधिकृत साइटवर, पत्त्याच्या शेवटी जीओव्ही डॉट इन बघून, हे मोठ्या अक्षरात लिहून दाराला चिकटवलंय. तरी दुपारी एक काका मला बाजूला घेऊन विचारतात, तो माणूस खरंच करून देतो का गं?

१० ऑगस्ट, रविवार

वहिनी एकटी आली. ३ लाख ४८ हजाराचा दाखला घेऊन. खरं उत्पन्न लिहिलंय. मी काही विचारलं नाही, तिनेच सांगितलं की ह्यांच्याशी चार दिवस अबोला होता. अर्जदार म्हणून नाव तिचं टाकायचं हे दोघांनी मिळून ठरवलंय. राज्यात घर नुसत्या बाईच्या नावावर असेल तर मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत आहे, त्याचा तिला जास्त आनंद की दादांना ते कळेना.

फॉर्म भरायला वीस मिनिटं लागली. सगळे कागद असले की फॉर्म म्हणजे काही नाही, मोबाइल रिचार्ज करण्याइतकं सोपं आहे. जूनपासूनचं सगळं काम त्या वीस मिनिटांच्या आधीचं.

गार्डचाही भरला. त्याचा दाखला भावाने कुरिअर केला, वर जन्मतारीख आणि आधारची जन्मतारीख एक निघाली, हे आमच्याकडे दुर्मिळ. त्याची सॅलरी स्लिप आणि पीएफ आहे, लोनच्या बाबतीत तो रिक्षावाल्यापेक्षा सुखी, जरी हातात येणारे पैसे कमीच असले तरी.

२४ ऑगस्ट, रविवार

मुदत वाढवून दिलीय ते बरं झालं, कारण २७ ला गणपती आणि अर्धी गल्ली कोकणात. मी सगळ्यांना सांगून ठेवलेलं की गावी जाताय तर शाळेतून दाखला घेऊन या, तर एक मावशी म्हणाल्या अगं गणपतीत शाळा उघडी असते होय? बरोबर आहे त्यांचं. मग गौरी विसर्जनानंतर दोन दिवस जास्त राहायचं ठरलं त्यांचं, घरचे खूश.

ज्यांचं दोघांचं मिळून उत्पन्न बरं आहे आणि सोडतीची वाट बघायची नाही, अशा दोन जोडप्यांना पंतप्रधान आवास शहरी २.० मधली व्याज सबसिडी समजावली. ही योजना १ सप्टेंबर २०२४ पासून. उत्पन्न ९ लाखांपर्यंत, घराची किंमत ३५ लाखांपर्यंत, लोन २५ लाखांपर्यंत, त्यातल्या पहिल्या ८ लाखांवर ४ टक्के सबसिडी आणि जास्तीत जास्त १ लाख ८० हजार, तेही पाच वर्षांत हप्त्याहप्त्याने. म्हणजे डाउन पेमेंटला याचा उपयोग शून्य, हे आधीच सांगायचं, नाहीतर बिल्डरच्या ऑफिसात "सबसिडीतून भागेल" असं ऐकून लोक टोकन देऊन बसतात. गेल्या २० वर्षांत कुठल्या सरकारी योजनेतून घर घेतलं असेल तरी बाद. आणि एका कुटुंबाला एकच लाभ, म्हाडाच्या घरावर पंतप्रधान आवासचे अडीच लाखही घेऊ आणि ही सबसिडीही घेऊ असं नाही.

७ सप्टेंबर, रविवार

शिरढोणला जाऊन आलो, रिक्षावाले दादा, वहिनी, अजून तीन जण आणि मी. कोकण मंडळाची शिरढोण, खोणी, विरार-बोळींज इथली न गेलेली घरं "प्रथम येणाऱ्यास प्रथम प्राधान्य" अशी विकायला निघतात, सोडतीची भानगड नाही, म्हणून म्हटलं एकदा बघूया तरी. घर बरं आहे, खोल्या लहान पण उजेड भरपूर. वहिनीने पहिला नळ सोडून बघितला, मग ओट्याची उंची हाताने मापली आणि म्हणाली पोळ्या लाटायला बुटका आहे. दादांनी खाली जाऊन तिथल्या रिक्षावाल्याकडून काढलं की रात्री शेवटची शेअर रिक्षा किती वाजता सुटते, पावसात रस्ता कसा असतो, स्टेशनचं भाडं किती. माहितीपत्रकात यातलं काहीही नसतं. वहिनीचं पोळीभाजी केंद्र सकाळी पाचला उघडतं, तिथून पोचायचं कसं? आत्ता खोलीचं भाडं साडेसात हजार आहे, हप्ता बारा-साडेबारा हजार आणि वर जाण्यायेण्याचे.

सोडतीचा निकाल बघून मग ठरवू म्हणाले.

२१ सप्टेंबर, रविवार

आजींचा नातू पावती घेऊन आला. बाबांच्या कपाटात नाही, आत्याच्या नवऱ्याकडे सापडली, जुन्या एलआयसीच्या फाइलमध्ये. अर्ज क्रमांक आहे. ऑनलाइन टाकून बघितला तर नाव दिसतंय पण आजोबांच्या नावात आणि पासावरच्या नावात फरक, अर्जात आडनाव आहे आणि पासावर फक्त वडिलांच्या नावापर्यंत. गिरणीच्या कागदांत असं सर्रास आहे असं काका म्हणतात. प्रतिज्ञापत्र करून सोबत पीएफचा नंबर जोडायचा, शिवाय वारसांची नावं आत्ताच नीट करून ठेवायची, कारण दोन आत्या आहेत आणि घर खरंच आलं तर तेव्हा भांडायला वेळ नसेल. नातवाने मान डोलावली. आत्यांशी बोलायचं काम आजी करणार आहेत.

१२ ऑक्टोबर, रविवार

काल ठाण्यात सोडत झाली. अनामत भरलेले अर्ज दीड लाखाहून जास्त होते. आमच्या टेबलावरून गेलेल्यांपैकी गार्डला लागलंय, १५ टक्के योजनेत. पहाटेपर्यंत ड्युटी होती, मेसेज बघून त्याला वाटलं फ्रॉड आहे, म्हणून आम्हाला फोन करून विचारलं. साइटवर यादीत नाव दाखवलं तेव्हा पटलं.

त्याला पुढचं सगळं आज लिहून दिलं. आधी स्वीकृती ऑनलाइन कळवायची, ती मुदतीत नाही कळवली तर घर गेलं. मग देकार पत्र (घर देऊ केल्याचं म्हाडाचं पत्र), मग २५ टक्के रक्कम साधारण दीड महिन्यात, मग उरलेले ७५. बँकेकडे आजच जायचं, देकार पत्राची वाट बघत बसायचं नाही, सॅलरी स्लिपा आणि बँक स्टेटमेंट आत्ताच काढून ठेवायची. पाच वर्षं विकता येत नाही हेही सांगितलं कारण भावाचा पहिला प्रश्न तोच होता. २५ टक्क्यांसाठी पीएफमधून किती निघतात ते काका उद्या त्याच्यासोबत बसून बघणार आहेत.

वहिनीला नाही लागलं. अनामत त्याच खात्यात परत येते, वेगळा अर्ज करायला लागत नाही, दहा जणांना दहा वेळा सांगून झालं. दादा म्हणाले शिरढोणचा विचार चालू आहे पण वहिनीला खोणीही बघायचंय, ओटा तिथला कसा आहे म्हणून. दाखला साडेतीन लाखांचा असल्यामुळे काकांच्या ओळखीच्या बँकेने बारा लाखांपर्यंत तयारी दाखवलीय तोंडी, उरलेल्यासाठी दादांचा रिक्षा परमिट आणि थोडं सोनं असा हिशोब चाललाय. मला परमिटवर कर्ज काढणं पटत नाही, तसं सांगितलंय.

१९ आणि २६ ऑक्टोबरला दिवाळीमुळे टेबल बंद. २ नोव्हेंबरपासून पुन्हा सुरू, आणि तेव्हा फक्त दाखल्यांचं काम, फॉर्म कुठलाच नाही: अधिवास, उत्पन्न, पॅन-आधारमधली नावं. प्रिंटरची शाई संपलीय, वर्गणीतून आणायची. कॅरम बोर्ड तोपर्यंत पोरांना परत दिलाय.